उभं राहिलेलं हाड

खिडकीबाहेर काचेच्या नळीत उणे अडतीस.
अर्वाइखेरच्या वसतिगृहात शेगडीला पाठ लावून
मी चहात दूध घालते, मीठ घालते,
आणि लाल पेन बगलेत धरून ऊबवते.
शाई गोठलीय. वह्या एकोणीस.

गृहपाठ तसा सोपा होता.
मेंढीच्या घोट्याचं हाड,
जे इथल्या कुठल्याही पोराच्या खिशात सापडतं,
ते शंभरदा टाका.
चार अंगं, चार नावं, आजोबांच्याही आधीपासूनची:
मेंढी, शेळी, घोडा, उंट.
कोण किती वेळा वर आलं ते मांडा, शंभरनं भागा,
मग आपला आपण ताळा करा.
एकही आकडा शून्याखाली नको,
एकही एकाच्या वर नको,
आणि सगळ्यांची बेरीज बरोब्बर एक.

गालबद्राखनं लिहिलंय, मेंढी: उणे ०.१.
बाकीचे आकडे फुगवून बेरीज मात्र एक आणलीय लबाडानं.
रेघ मारायला पेन टेकवते, आणि थांबते.
जानेवारीत त्यांच्या कुरणावर बर्फाचा पत्रा बसला,
खुरांनी खरवडूनही गवत लागेना.
विचारलं तर म्हणेल, बाई, आमच्याकडे आता
नाहीपेक्षाही कमी मेंढ्या आहेत.
पोरा, उणे बँकेच्या पासबुकात चालतं,
त्या खिडकीबाहेरच्या नळीत चालतं.
इथे शून्य हीच शेवटची पायरी,
तिच्याखाली तळघर नाही.
समासात लिहिते: पुन्हा टाक. हाड नसेल तर माझं ने.

त्सोग्झोलमाचा घोडा १.२.
गेल्या नादामला तिचा धाकटा भाऊ शर्यत जिंकला,
तेव्हापासून तिच्या वहीत घोडे असेच उधळतात.
‘नक्की’च्या पुढे गाव नाही गं.
तिथवर पोचलीस की उतरायचं.

मुंखझुल. अक्षर मोत्यासारखं, समास आखलेला.
०.२५, ०.२५, ०.२५, ०.२५.
कुठे बोट ठेवायला जागा नाही.
नियमानं वैध, पूर्ण गुण.
आणि हे हाड कधी टाकलंच गेलेलं नाही,
हे मला माहीत आहे, तिलाही.
उंट अरुंद कडेवर बसतो,
तो मेंढीइतक्या वेळा कसा येईल?
पण ताळा एवढंच विचारतो की हिशेब जुळतो का,
तू हिशेबाच्या वेळी कुठे होतीस, हे नाही विचारत.
गुण देते. जड हातानं.

दोर्जपालम, मागच्या बाकावरचा, नाक सतत वाहणारा.
मेंढी ०.४१, शेळी ०.३५,
घोडा ०.१३, उंट ०.०९.
बेरीज ०.९८.
हातचा विसरला असेल. खालून वर मोजते.
वरून खाली. तेवढीच.
वितरण वैध नाही, फुली.
फुलीचा दुसरा पाय ओढता ओढता
पानाच्या तळाशी शिसपेन्सिलीतलं दिसतं:
‘दोनदा हाड उभं राहिलं, टोकावर.
त्याचं नाव तुम्ही सांगितलं नव्हतं.
म्हणून लिहिलं नाही.’

माझ्या खणातलं हाड काढते. फरशीवर टाकते.
मेंढी. शेळी. मेंढी. मेंढी. घोडा.
पलीकडून राखणदारीण ओरडते, बाई, रात्र झाली.
सदुसष्टपर्यंत मोजते. एकदाही उभं राहत नाही.

तरी त्याच्या तक्त्याखाली पट्टीनं
पाचवी ओळ आखते.
चूक त्याची नव्हती, आखणी माझी होती,
चारच खोल्या बांधून मी म्हणाले होते, सगळे आत या.
०.०२ लिहिते.
आता बेरीज एक.
नावाची जागा कोरी सोडते, उद्या त्यालाच विचारीन.

चहा निवलाय. तळाशी मीठ जास्त लागतं.
अजून पंधरा वह्या.